यादवीतील नेतृत्व : खेड ते वारणा

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी कृष्णा ओंजळीत मावते. तीच पुढे वाईवरून जाते, माहुलीस वेण्णेला व कऱ्हाडास कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेस पोटात घेते. १७३१ साली भोसल्यांच्या घराची वाटणी झाली, तेव्हा सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांची सीमा याच दोन नद्यांनी आखली. त्या वाटणीपूर्वी चाललेल्या यादवीत पुढाऱ्यांची परीक्षा कशी झाली, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रश्न असा की, जिने औरंगजेबाला सात वर्षे दमवले त्या ताराबाईला आठ महिन्यांत सातारा का गमवावा लागला? १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा ती पंचविशीत होती. बादशहा जातीने एकेक गड घेत होता आणि तिचे सरदार नर्मदेपार माळव्यापर्यंत धडका मारीत होते. घेतलेले गड मागून परत येत. १७०७ साली बादशहा अहमदनगरला मेला, पण मराठ्यांचे राज्य उभेच होते. उलट शाहू म्हणजे १६८९ पासून मोगलांच्या छावणीत वाढलेला पंचवीस वर्षांचा तरुण. सोबतीस थोडी माणसे, आई येसूबाई अजून मोगलांकडे ओलीस.

आमच्या मते याचे उत्तर युद्धाच्या प्रकारात आहे. परक्याशी लढताना शत्रू कोण हे गडकऱ्याला विचारावे लागत नाही. त्याला फक्त हुकूम हवा असतो, आणि हुकूम देण्यात ताराबाईचा हात कोणी धरला नसता. यादवीत मात्र प्रत्येक किल्लेदार आधी स्वतःलाच विचारतो, की माझा धनी कोण? या शंकेवर ताराबाईने शपथेचा उपाय केला. शाहू तोतया आहे असे सांगून तिने सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या. तिची दुसरी बाजू अगदीच लंगडी नव्हती : थोरल्या महाराजांचे राज्य संभाजी महाराजांबरोबर बुडाले, माझ्या पतीने नवे उभारले, तेव्हा ते माझ्या मुलाचे. पण शपथ मनातली शंका दाबते, फेडीत नाही.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला हे दिसून आले. सेनापती धनाजी जाधव शाहूवर चालून गेला खरा, पण बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने हा खरा राजपुत्र अशी खात्री होताच शाहूला मिळाला. परशुरामपंत प्रतिनिधी तेवढा लढला व साताऱ्यास परतला. शंकराजी नारायण सचिवाला तर शपथही मोडवेना आणि शाहूवर शस्त्रही धरवेना. त्याने प्राण दिला. शाहूने त्याचे पद त्याच्या लहान मुलाकडेच ठेवले. बाकीचे सरदार हे पाहत होते.

यावरून शाहू नुसता भिडस्त होता असे मात्र कोणी समजू नये. साताऱ्याचा किल्लेदार शेख मिरा दाद देईना, तेव्हा वाईस असलेली त्याची बायकामुले धरून त्याने धमकी दिली, अशी हकीकत सांगितली जाते. गड हाती आला, प्रतिनिधी कैद झाला, आणि जानेवारी १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला. पुढे त्याच प्रतिनिधीला सोडून त्याचे पद परत दिले. मात्र त्याचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकडे जाऊन विशाळगडचा प्रतिनिधी झाला. बाप एका छत्रपतीकडे, मुलगा दुसऱ्याकडे. राज्य कोणाचेही होवो, घर राहिले.

पण आज आलेला उद्या जाऊही शकतो. धनाजीचा मुलगा चंद्रसेन १७११ साली बाळाजीवर चिडून पाठीस लागला. बाळाजीला वाईजवळच्या पांडवगडाचा आसरा घ्यावा लागला. शाहूने बाळाजीची बाजू घेताच सेनापती ताराबाईकडे गेला व पुढे निजामाच्या चाकरीत. खरा पेच मात्र कान्होजी आंग्र्याचा होता. त्याने १७१३ साली शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच कैद केले. तेव्हा पेशवेपद बाळाजीला मिळाले आणि त्याने लढाईऐवजी बोलणे लावले. आंग्र्याने शाहूला धनी मानावे. किल्ले आणि सरखेली त्याच्याकडेच राहावी.

येथे शाहू जिंकला. किंमतही येथेच पडली. यादवीत माणूस राखायचा तर त्याच्या हाती असलेले त्याचेच म्हणावे लागते. फ्रान्सचा चौथा हेन्री असाच मोठमोठ्या रकमा व पदे देऊन बंडखोर सरदार वळवीत पॅरिसमध्ये शिरला होता. पण त्याने मुख्यतः पैसा दिला. आमच्याकडे मुलूख गेला. रामचंद्रपंत अमात्याच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जो कडक इशारा आहे, तो याच काळातला. गंमत अशी की, ते ज्या कोल्हापूर दरबारासाठी लिहिले, त्यालाही माणसे टिकवण्यास दुसरे साधन नव्हते.

ताराबाईचा शेवटचा पराभवही रणांगणात झाला नाही. १७१४ साली पन्हाळ्यावर सवत राजसबाईने आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला आणि ताराबाईला मुलासह कैदेत टाकले. पुढे १७३१ मध्ये शाहू व हा संभाजी कऱ्हाडजवळ जखिणवाडीस भेटले आणि एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. तहात नद्यांच्या सीमा, ठाणी, कोकण हे सारे आहे. पण एका राज्याच्या चाकराला दुसऱ्याने ठेवू नये, हे कलम आम्हांस सीमेहूनही महत्त्वाचे वाटते. चोवीस वर्षे दोन्ही घरांनी एकमेकांचे चाकरच तर पळवले होते.

ताराबाई साताऱ्यास राहिली. शाहू १७४९ साली वारला, ती त्यानंतरही बारा वर्षे जगली आणि पानिपतची बातमी ऐकून डिसेंबर १७६१ मध्ये गेली. तिची समाधी संगम माहुलीस, कृष्णेच्या काठी आहे.