घरातला संगणक आणि अनोळखी पाहुणा

काटकसर करून, हप्ते भरून अनेक कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणासाठी घरात संगणक घेतला आहे. त्यात मुलीची गुणपत्रिका असते, जातीचा दाखला असतो, शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, आजीचा एकुलता एक फोटो असतो. त्याच संगणकावर मुलाचा एखादा मित्र पेनड्राइव्हमधून फुकटचा गेम आणून टाकतो. त्याने काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

आपण एखादा प्रोग्राम चालू केला, की तो आपल्याच नावाने काम करू लागतो. आपल्याला जी फाइल उघडता येते ती बहुधा त्यालाही उघडता येते; आपल्याला जी पुसता येते ती त्यालाही पुसता येते. पाणी प्यायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती कपाटाची किल्ली द्यावी, तसा हा प्रकार आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम याच मोकळिकीचा फायदा घेतात.

यावर उपाय शोधणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील इयन गोल्डबर्ग, डेव्हिड वॅग्नर, रँडी थॉमस आणि एरिक ब्रूअर हे चौघे होते. १९९६ साली त्यांनी 'जेनस' नावाचे साधन मांडले. जेनस म्हणजे रोमन लोकांचा दोन तोंडांचा द्वारपाल देव.

त्यांचा विचार साधा होता. कोणत्याही प्रोग्रामला फाइल उघडायची वा इंटरनेटवर जायचे, तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करावीच लागते. त्या वाटेवरच त्यांनी पहारेकरी बसवला. 'सोलारिस' या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच असलेली सोय वापरून जेनस धोक्याची प्रत्येक मागणी थांबवी आणि नियमांची यादी पाही. यादीत परवानगी असेल तर वाट मोकळी, नसेल तर नकार. प्रोग्राम कोणी लिहिला याची चौकशी नाही. तो काय करू पाहतो, तेवढेच पाहायचे.

मात्र पहारा सोपा नसतो. जेनसवर पुढे काम करणाऱ्या टाल गारफिंकेल यांनी २००३ साली अशा साधनांतील खाचखळगे लिहून ठेवले. पहारेकऱ्याने फाइलचे नाव तपासले आणि ती प्रत्यक्ष उघडली जाण्याआधी त्याच नावामागे दुसरीच फाइल आणून ठेवली, तर पहारा फसतो. तपासणी आणि काम यांत क्षणाचीही फट उरता कामा नये, हा धडा त्यातून मिळाला.

विंडोजवर रोनेन त्सूर यांनी २००४ साली 'सँडबॉक्सी' आणले. सँडबॉक्स म्हणजे मुलांनी खेळायचा वाळूचा हौद. त्याची रीत पाटीसारखी आहे. आतला प्रोग्राम फाइल बदलू लागला, की त्याला तिची वेगळी प्रत दिली जाते. त्याने कितीही गिरगटले तरी मूळ वही कोरी राहते. शेवटी पाटी पुसायची. २०२० पासून या साधनाचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ पासून विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'विंडोज सँडबॉक्स' दिला; होम आवृत्तीत तो नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सँडबॉक्सीच्या नेहमीच्या मांडणीत आतल्या प्रोग्रामला आपल्या फायली बदलता येत नाहीत, पण वाचता येतात. इंटरनेट चालू असेल तर वाचलेले बाहेर पाठवताही येते. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरना आणि इंटरनेटला मनाई त्याच साधनात वेगळी लावावी लागते.

आई-वडिलांनी एवढे जरूर करावे. मुलांच्या खेळासाठी संगणकावर वेगळे साधे खाते काढून द्यावे, ॲडमिनचा पासवर्ड त्यांना देऊ नये. दाखले व फोटो यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून ठेवावा. अनोळखी प्रोग्राम आधी वाळूच्या हौदातच चालवावा.

पाहुण्याला ओसरीवर बसवून चहा द्यायला हरकत नाही. कपाटाची किल्ली मात्र आपल्याच कमरेला असू द्यावी. घामाच्या पैशातून घेतलेला संगणक आणि मुलांनी अभ्यास करून मिळवलेली प्रमाणपत्रे यांची राखण आपणच करायची आहे.