कुंडीतली जाई

घरापुढे माती नसली तरी ओसरीवर जाई फुलते. तळाला भोक असलेली, दीड फूट खोल कुंडी घ्यावी. माती, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरावी. वेलीला चार-पाच तास ऊन हवे.

महाराष्ट्रातले महिने येथे चालत नाहीत. मॉरिशसचा हिवाळा जून ते सप्टेंबर, म्हणून छाटणी ऑगस्टअखेर करावी. कळ्या नव्या फुटीवरच धरतात.

मात्र बहराचे दिवस तेच सिक्लोनचेही. यासाठी वेल भिंतीला न बांधता कुंडीतच रोवलेल्या बांबूच्या कामट्यांवर चढवावी. पहिल्या श्रेणीचा इशारा मिळताच दोघांनी कुंडी उचलून घरात घ्यावी. एरवी कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात.

कळ्या संध्याकाळी खुडाव्यात, गजरा रात्री उमलतो.