थांबण्याचं चिन्ह : प्रक्रिया-आकृत्यांच्या शतकाचा मागोवा

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या वार्षिक सभेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं ‘प्रोसेस चार्ट्स’ या विषयावर निबंध वाचला. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कुठल्या टप्प्यांतून जातं ते चिन्हांनी कागदावर उतरवायचं, आणि त्या कागदाकडे बघत कामात सुधारणा करायची, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रँक गवंडीकामातून वर आलेले. वीट रचताना गवंड्याला कराव्या लागणाऱ्या अठरा हालचाली त्यांनी पाचांवर आणल्या होत्या. लिलियन मानसशास्त्राच्या डॉक्टरेट. आज बँकेत, विमा कंपनीत, सरकारी प्रकल्पात कामाच्या ज्या आकृत्या काढल्या जातात, त्यांची वंशावळ मागे नेत गेलं की या दोघांपाशी येऊन पोचते.

त्यांच्या पद्धतीतली चिन्हं पुढे सुटसुटीत होत गेली आणि १९४७ मध्ये त्याच संस्थेनं पाच चिन्हं प्रमाण म्हणून ठरवली. वर्तुळ म्हणजे काम, बाण म्हणजे ने-आण, चौकोन म्हणजे तपासणी, उलटा त्रिकोण म्हणजे साठवण आणि इंग्रजी ‘डी’ अक्षर म्हणजे खोळंबा. या पाचांमधलं शेवटचं चिन्ह मला सर्वात मोलाचं वाटतं. पाचांपैकी एकाच चिन्हात वस्तूची किंमत वाढते, ते म्हणजे वर्तुळ. बाकीच्या चारांत वस्तू हलते, तपासली जाते, ठेवली जाते किंवा नुसती पडून राहते. काम न होण्यालाही कागदावर जागा द्यायची, हे त्या पिढीनं ओळखलं होतं. पुढच्या काळात चिन्हं वाढली, प्रमाणं आली, सॉफ्टवेअर आलं, पण या एका चिन्हाचं काय झालं ते पाहिलं तर या विद्येचा चढउतार नीट कळतो.

कारखान्यातून ही पद्धत कचेरीत आणली ती बेन ग्रॅहम यांनी, १९४० च्या दशकात. ॲलन मोगेन्सन यांच्या ‘काम सोपं करा’ वर्गात ते शिकले आणि लोखंडाच्या सुट्या भागाऐवजी त्यांनी कागदाचा माग काढायला सुरुवात केली. एका फॉर्मच्या चार प्रती निघत असतील तर आकृतीत चार आडव्या रेषा. कुठली प्रत कुणाच्या टेबलावर गेली, कुठं शिक्का बसला, कुठली नुसतीच फायलीत लागली आणि पुन्हा कुणी उघडली नाही, हे एका दृष्टिक्षेपात दिसायचं. ज्यानं आवक-जावक बारनिशी सांभाळली आहे त्याला या आकृतीचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय या मंडळींचा एक आग्रह होता. आकृती काढताना आणि सुधारणा सुचवताना ते काम रोज करणारा माणूस बरोबर हवाच. पुढच्या काळात हा आग्रह सुटला आणि त्याची किंमत फार लोकांनी मोजली.

मग संगणक आला. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४७ पासूनच्या अहवालांत संगणकाच्या आज्ञावलीसाठी प्रवाह-आकृत्या वापरल्या, आणि चौकट, शंकरपाळ्यासारखा निर्णयाचा चौकोन नि बाण हेच पुढे ‘फ्लोचार्ट’ म्हणून घराघरांत, अगदी शाळेच्या पुस्तकातही गेलं. आज्ञावलीसाठी ती आकृती उत्तमच. यंत्र एक आज्ञा संपली की तत्क्षणी दुसरी घेतं, त्यामुळं दोन चौकटींमधला बाण म्हणजे शून्य वेळ. घोटाळा झाला तो हीच आकृती माणसांच्या कचेरीला लावल्यावर. ‘अर्ज तपासा’ या चौकटीतून ‘मंजुरी द्या’ या चौकटीत जाणारा बोटभर बाण प्रत्यक्षात तीन आठवड्यांचा असू शकतो, पण कागदावर तो बोटभरच राहतो. फ्लोचार्टच्या चिन्हसंचात खोळंब्याचं चिन्ह होतं, पण ते वापरणारा विरळा. सत्तरच्या दशकातल्या डेटा-फ्लो आकृत्यांनी तर काळ आणि क्रम दोन्ही मुद्दामच बाजूला ठेवले. माहिती कुठून कुठं जाते तेवढंच दाखवायचं, हा त्यांचा हेतू होता आणि तेवढ्यापुरता तो योग्यही होता.

त्याआधीच जर्मनीत, कचेरी किंवा कारखाना डोळ्यांपुढे नसताना, कार्ल ॲडम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात वेगळंच गणित मांडलं. त्यांच्या जाळ्यात दोन प्रकारची ठिकाणं आहेत. पट्टी म्हणजे घडणारी गोष्ट आणि वर्तुळ म्हणजे स्थिती. वर्तुळात ठिपके ठेवलेले असतात आणि पट्टीकडे येणाऱ्या सगळ्या वर्तुळांत ठिपका हजर झाल्याशिवाय ती गोष्ट घडू शकत नाही. म्हणजे ठिपका वर्तुळात वाट बघत बसतो. दोन कागद जुळल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, हे यापेक्षा अचूक कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. थांबण्याला इथं गणिती आधार मिळाला. मात्र व्यवस्थापनाच्या जगानं त्याची दखल घ्यायला तीसेक वर्षं लावली.

१९९० हे या कहाणीतलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी रम्लर आणि ब्रॅश यांचं पुस्तक आलं, आणि विभागवार आडवे पट्टे आखून त्यांत कामाच्या चौकटी मांडायची पद्धत रूढ झाली. जलतरण तलावातल्या मार्गिकांवरून तिला ‘स्विमलेन’ म्हणतात. त्यांचं निरीक्षण असं की संस्थेच्या तक्त्यावर दोन विभागांच्या चौकटींमध्ये जी कोरी जागा असते, तिथंच कामं अडतात, कारण ती जागा कुणाचीच नसते. पट्टा ओलांडणारा प्रत्येक बाण म्हणजे एक हस्तांतर, आणि काम बहुधा तिथंच रेंगाळतं.

त्याच वर्षी मायकेल हॅमर यांचा ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधला लेख गाजला. त्यातलं फोर्डचं उदाहरण सगळे सांगतात. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची देणी भागवणाऱ्या फोर्डच्या खात्यात पाचशेहून अधिक माणसं होती आणि माझ्दात तेच काम पाच जण करत होते. माझ्दा लहान कंपनी हे लक्षात घेतलं तरी तफावत डोळ्यांत भरणारी. फोर्डमध्ये खरेदीचा आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल या तिन्हींतल्या चौदा बाबी जुळवून पाहाव्या लागत. न जुळणाऱ्या प्रकरणांतच खात्याचा बराचसा वेळ जाई. नव्या पद्धतीत बिलच काढून टाकलं. माल दारात आला की तिथला माणूस संगणकावर आदेशाशी पडताळून पाहणार, जुळला तर घेणार आणि धनादेश निघणार. जुळवायच्या बाबी उरल्या तीन. खात्यातली माणसं तीन चतुर्थांशांनी कमी झाली.

मला मात्र त्याच लेखातलं दुसरं, कमी सांगितलं जाणारं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. एका विमा कंपनीनं अंदाज काढला, तेव्हा पॉलिसीचा अर्ज कंपनीत २२ दिवस असतो आणि त्यावर प्रत्यक्ष काम होतं ते १७ मिनिटं, असं दिसलं. बाकी सगळा वेळ अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाण्यात आणि तिथं पडून राहण्यात. १७ मिनिटांची १५ केली तर अर्जदाराला काय फरक पडणार? तरीही बहुतेक संगणकीकरण या १७ मिनिटांवरच खर्ची पडत आलेलं आहे, कारण आकृतीत चौकटी दिसतात, बाणांची लांबी दिसत नाही.

हॅमर यांच्या विचाराची लाट पुढे माणसं कमी करण्याचं हत्यार बनली. ज्यांचा या विचाराच्या जडणघडणीत वाटा होता त्या थॉमस डेव्हनपोर्ट यांनीच १९९५ मध्ये, हे खूळ माणसांना विसरलं, अशी जाहीर टीका केली. मला ती टीका पूर्ण पटते. ग्रॅहम ज्या कारकुनाला शेजारी बसवून आकृती काढत, त्याला आता आकृती तयार झाल्यावर आणि नोकरी गेल्यावरच कळत होतं.

नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीची, प्रत्येक सॉफ्टवेअरची आपापली चिन्हं झाली. जर्मनीत झारब्र्यूकनला ऑगस्ट-विल्हेल्म शेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटना आणि कार्य यांची साखळी मांडणारी पद्धत १९९२ मध्ये तयार केली आणि सॅप या सॉफ्टवेअरबरोबर ती जगभर गेली. एक सामायिक लिपी हवी या गरजेतून २००४ मध्ये बीपीएमएन या चिन्हलिपीची पहिली आवृत्ती निघाली. २०११ मध्ये दुसरी, आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ प्रमाणाचा दर्जा. चिन्हं शंभराच्या वर गेली. पण त्याआधीच, २००८ मध्ये, झुर म्यूलेन आणि रेकर या अभ्यासकांनी १२० आकृत्या तपासल्या होत्या, तेव्हा एका आकृतीत सरासरी नऊच्या आसपास वेगवेगळी चिन्हं वापरलेली आढळली. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. काम कशानं सुरू होतं, कोण करतं, कुठं फाटा फुटतो, कुणाची वाट बघावी लागते, काय झालं की ते संपलं म्हणायचं, एवढं धड सांगता आलं तर बाकीच्या चिन्हांचा मोह आवरता येतो.

जमिनीच्या फेरफाराचं उदाहरण घ्या. दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदलं जातं आणि त्याची माहिती तलाठ्याकडे जाते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो, चावडीवर ती लावतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो. मग पंधरा दिवस हरकतीसाठी. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद पाहून नोंद प्रमाणित करतात आणि सात-बाऱ्यावर नाव लागतं. हरकत आली तर प्रकरण ६-अ च्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते.

फ्लोचार्टवाला इथं ‘हरकत आली का?’ असा एक चौकोन काढून मोकळा होईल. तो चूक नाही, पण अपुरा आहे. कारण इथं तलाठी निर्णय घेत नसतो, तो थांबलेला असतो. दोन गोष्टींपैकी जी आधी घडेल तिच्यावर पुढची वाट ठरते. एक तर कुणाची तरी हरकत येते, नाहीतर मुदत संपते. बीपीएमएनमध्ये यासाठी स्वतंत्र फाटा आहे, त्याच्या एका बाजूला पाकिटाचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला घड्याळाचं. हे पंधरा दिवस विमा कंपनीच्या बावीस दिवसांसारखे नाहीत. परगावी असलेल्या बहिणीला, न विचारता विकलेल्या सामाईक जमिनीतल्या भावाला बोलण्याची संधी मिळावी म्हणून कायद्यानं ते राखले आहेत. ‘गतिमान कारभारा’च्या नावाखाली कुणी ते छाटले, तर आकृती सुंदर होईल आणि बहिणीचा हिस्सा जाईल. पंधरा दिवस उलटून गेल्यावर, हरकत नसतानाही, नोंद प्रमाणित व्हायची राहते तो काळ मात्र सरळ सरळ खोळंबा. आकृतीत या दोन्ही थांबण्यांना एकच बाण दिला, तर त्यांतला फरक कुणालाच दिसत नाही. मला वाटतं, आकृती काढणाऱ्याचं खरं कसब इथं लागतं, आणि ते चिन्हांच्या पुस्तकातून येत नाही, तलाठ्याशी आणि खातेदाराशी बोलून येतं.

या शतकातला सर्वात मोठा बदल आइंडहोव्हनहून आला. विल व्हान डर आल्स्ट हे पेट्रीच्या जाळ्यांचे अभ्यासक. त्यांनी प्रश्न उलटा केला. माणसांना विचारून आकृती काढण्याऐवजी संगणकात आधीच पडलेल्या नोंदींतून ती काढता येईल का? त्याला फक्त तीन गोष्टी लागतात : प्रकरणाचा क्रमांक, काय घडलं आणि कधी घडलं. हजारो प्रकरणांच्या अशा नोंदी एकत्र केल्या की खरी वाट उमटते. तिच्यात सरळ रस्ता असतो, आडवाटा असतात, परत मागं पाठवलेली प्रकरणं असतात आणि प्रत्येक बाणावर त्याचा सरासरी काळ लिहिलेला असतो. याला ‘प्रोसेस मायनिंग’ म्हणतात. २०११ मध्ये या क्षेत्राचा जाहीरनामा निघाला आणि त्याच वर्षी म्युनिकमध्ये सेलोनिस ही कंपनी सुरू झाली. बोटभर बाणाला अखेर त्याची खरी लांबी मिळाली. पेट्रीचं वर्तुळ आणि १९४७ च्या पाचांतली खोळंब्याची खूण, दोन्ही परत आली आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

पण संगणकाला तेच दिसतं जे त्यात नोंदलं जातं. बीपीएमएनच्या आकृतीत बाहेरच्या माणसासाठी वेगळा पट्टा असतो, आणि बहुतेक वेळा तो कोरा ठेवतात. त्यानं मारलेले हेलपाटे, बुडालेली मजुरी, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकून परत गेलेला दिवस, यांतलं काहीच कुठल्या नोंदीत नसतं. वारसनोंदीचंच पाहा. वडील वारले तो एक दिवस, मुलानं अर्ज हातात दिला तो दुसरा, आणि त्या अर्जाला फेरफाराचा क्रमांक पडला तो तिसरा. आकृतीतलं सुरुवातीचं वर्तुळ यांपैकी कुठल्या दिवसावर काढायचं ते कुणीतरी ठरवतं. बहुधा ते तिसऱ्या दिवसावर पडतं, कारण तिथून पुढं संगणक मोजतो. ते दुसऱ्या दिवसावर, अर्जाची पोच हातात पडते त्या क्षणावर काढावं, आणि कोऱ्या पट्ट्यात खातेदाराच्या चौकटी भराव्यात, एवढं एक काम या आकृत्या काढणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पुढच्या प्रकल्पात करून पाहावं अशी माझी विनंती आहे.