पानांच्या प्रकाशावरून वृक्षांची ओळख

तूर कोणती व कपाशी कोणती हें आपण बांधावरूनच सांगतों. फुलाची वाट पाहत नाहीं. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशाच्या सदाहरित अरण्यांत तसें नाहीं. तेथें मोठ्या वृक्षांचे शेंडे शंभर फुटांहून उंच, पानेंफुलें हातीं लागत नाहींत, आणि एका हेक्टरांत शंभराच्या सुमारास जाती. तेथील आल्मेंद्रो वृक्षाच्या ढोलींत मोठा हिरवा मकाव पोपट घरटें करतो व त्याचींच फळें खातो. असे वृक्ष कोठें व किती उरले, हें कळल्यावांचून ते राखावे कसे?

पान हें तांबडा व निळा प्रकाश पुष्कळसा शोषून घेतें, हिरवा थोडा परत टाकतें. म्हणून तें हिरवें दिसतें. हें आपल्या डोळ्यांपुरतें झालें. तांबड्यापलीकडील, सुमारें 700 ते 1300 नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश तें मोठ्या प्रमाणावर परत फेंकतें. पेशींची रचना व त्यांमधील हवेच्या पोकळ्या जशा, तसा हा भाग कमीअधिक होतो. त्याहीपुढें, 1450 व 1940 नॅनोमीटरच्या आसपास, पानांतील पाणी प्रकाश शोषतें. हीं अंगें जातीजातींत निराळीं, म्हणून परतलेल्या प्रकाशाची रेषाही निराळी.

ला सेल्वा येथील अरण्यांत सात जातींवर ही रीत कसास लावली. तिचा वृत्तांत 2005 सालीं प्रसिद्ध झाला. त्या सातांत आल्मेंद्रो आहे, आपल्याकडेही लावतात ती पांढरी सांवर आहे, आणि आपल्या ऐन-हिरड्याचा एक जातभाईही आहे. प्रयोगशाळेंत पानें मोजलीं, तेव्हां एकही जात चुकली नाहीं. विमानांतून मात्र पानांबरोबर फांद्या, सावल्या, वेली सर्वच दिसतें. तेव्हां ठिपक्याठिपक्यानें निर्णय न करतां एकेका शेंड्याची सरासरी घेतली, आणि शेंकडा 92 शेंडे बरोबर ओळखले गेले.

हा आंकडा चांगला खरा, पण आम्ही त्यानें हुरळून जात नाहीं. जाती सातच होत्या, शंभर नव्हत्या. शिवाय एकाच झाडाचें कोंवळें पान व जून पान सारखा प्रकाश परत देत नाहीं. आणि यंत्रास नांवें ठाऊक नसतात. प्रथम कोणी जाणत्यानें झाडाखालीं जाऊन तीं सांगावीं लागतात. या कामीं वनस्पतिसंग्रहांतील, कागदावर चिकटविलेलीं वाळकीं पानेंही उपयोगीं पडतात. अमेझॉनच्या अरण्यांतील, ब्राझील-नटाच्या कुळांतील दहा निकटच्या जाती अशा वाळक्या पानांवरून शेंकडा 95 हून अधिक वेळां बरोबर ओळखल्याचें 2013 सालीं प्रसिद्ध झालें आहे.