नोकरी नको असेल, तर तसे लेखी कळवा

गेल्या रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर पनवेलच्या आमच्या विहारात वस्तीतला एक तरुण भेटला. हातात दोन पत्रे होती. एका बँकेत लिपिक म्हणून नेमणुकीचा आदेश आला होता. दुसरे पत्र सरकारी कार्यालयाचे होते. तेथे राखीव जागेवर निवड होऊन कागदपत्रांच्या तपासणीला बोलावले होते. त्याने बँक पसंत केली होती. आईने पेढेही वाटले.

"दुसरीकडे काय कळवलंस?" मी विचारले.

"काका, तिकडं जायचंच नाही, तर कळवायचं कशाला? समजेल त्यांना आपोआप."

बंधू-भगिनींनो, आपोआप काही समजत नाही. मी स्वतः कारकून आहे. उमेदवार येत नाही, पत्रही येत नाही, तेव्हा फाईल पडून राहते. स्मरणपत्रे जातात. प्रतीक्षा यादीला मुदत असते. ती संपली की जागा रिकामीच राहते आणि अनुशेषात जमा होते. त्या यादीत पुढचा नंबर कुणाचा असतो? जागा अनुसूचित जातीची, तर उमेदवारही आपल्याच समाजाचा. कुणा सफाई कामगाराची मुलगी पोस्टमनची वाट पाहत बसलेली असते.

या जागा सहज मिळालेल्या नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी जागा राखल्या गेल्या. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालापर्यंत झगडावे लागले. राज्यात आज अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत. त्यातली एकही आपल्या आळसाने वाया जाऊ नये.

मात्र घाई नको. तोंडी आश्वासनावर दुसरा अर्ज मागे घेऊ नका. नेमणुकीचा लेखी आदेश हाती घ्या, अटी वाचा, मग त्याच दिवशी कळवा. लोकसेवा आयोगाने अंतिम निकालाआधी भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प ठेवला आहे. तो मुदतीत भरा. इतर ठिकाणी साधे पत्र पुरते:

"महोदय,
विषय : लिपिक पदाचा अर्ज मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्रमांक … दिनांक …
वरील पदासाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल आभारी आहे. मला अन्यत्र नेमणूक मिळाल्याने मी माझी उमेदवारी मागे घेत आहे. माझ्या जागी प्रतीक्षा यादीतील उमेदवाराचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.
आपला विश्वासू,"

खाली सही, पूर्ण नाव, बैठक क्रमांक आणि पत्ता. लांबलचक कारणे नकोत, तक्रार नको, खोटे आजारपण तर नकोच. पत्र हाती दिले तर आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या. टपालाने पाठवले तर पावती जपा. तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी नाकारतानाही हीच रीत. उद्या त्याच दारात पुन्हा जावे लागेल.

बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडले तेही लेखी. २७ सप्टेंबर १९५१ च्या त्या पत्रात आपल्या नावावरची विधेयके पुरी करण्यासाठी थांबण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. जाताना मागचे काम अडू नये, याची काळजी घेणारा हा नेता आपला आहे.

त्या तरुणाने विहारातच बसून पत्र लिहिले. सोमवारी सकाळी ते पोस्टात पडले.