पेनीच्या टपालातलं ॲमेझॉन

1844 साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात दोन तरुणांची गाठ पडली. हेन्री वॉल्टर बेट्स एकोणीस वर्षांचा. घरचा धंदा मोजे-बनियनचा, आणि तोही तेराव्या वर्षीच त्याच धंद्यात उमेदवारीला लागलेला. आल्फ्रेड रसेल वॉलेस एकवीस वर्षांचा, तिथल्या शाळेत मास्तर. कॉलेजचं तोंड दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. वॉलेसला नाद वनस्पतींचा. बेट्सने त्याला आपला भुंगेऱ्यांचा संग्रह दाखवला. एका शहराच्या दहा मैलांच्या परिसरात भुंगेऱ्यांच्या हजारभर जाती मिळू शकतात हे कळल्यावर वॉलेस चाटच पडला.

ही सोबत फार टिकली नाही. भाऊ वारला म्हणून त्याचा जमीनमोजणीचा व्यवसाय सांभाळायला वॉलेस वेल्समधल्या नीथला गेला. पुढे बेट्सही बर्टनच्या बियर कारखान्यात कारकून झाला. मैत्री टिकवली ती टपालाने. 1840 पूर्वी अंतर वाढेल तसा टपालाचा दर चढे आणि तो बहुतेकदा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. आता अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जात होतं. बेताच्या पगारात शास्त्रचर्चा परवडू लागली ती अशी.

या पत्रव्यवहारातली वॉलेसची काही पत्रं उरली आहेत. बेट्सचं म्हणणं मात्र बरेचदा वॉलेसच्या उत्तरांवरूनच ताडावं लागतं. नोव्हेंबर 1845 मध्ये वॉलेसने त्याला एका गाजत असलेल्या निनावी पुस्तकाबद्दल विचारलं. सजीव सृष्टी क्रमाक्रमाने बदलत आली, असं सांगणारं ते पुस्तक रॉबर्ट चेंबर्सचं होतं, हे जगजाहीर व्हायला 1884 उजाडलं. बेट्सला ते फारसं रुचलं नसावं, कारण 28 डिसेंबरच्या पत्रात वॉलेस पुस्तकाची बाजू घेऊन भांडतो. ही कल्पना अजून सिद्ध व्हायची आहे, हे त्याला मान्य आहे. पण तिच्यामुळे निसर्ग पाहणाऱ्याच्या हाती तपासायला काहीतरी येतं, असा त्याचा मुद्दा. टाचणीला टोचलेल्या भुंगेऱ्यांकडे आता पुरावा म्हणून पाहता येणार होतं.

1847 च्या शरद ऋतूत वॉलेस पॅरिस आणि लंडनची संग्रहालयं पाहून आला. त्यानंतरच्या पत्रात तो लिहितो की, नुसत्या स्थानिक संग्रहाने आपलं समाधान होत नाही. एखादं कुळ घेऊन ते मुळापासून अभ्यासावं, आणि तेही जातींच्या उगमाचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून. त्याच वर्षी अमेरिकन प्रवासी विल्यम एडवर्ड्सचं ॲमेझॉनवरचं पुस्तक निघालं. जायचं कुठे, ते ठरलं.

राहिला प्रश्न पैशांचा. ‘बीगल’ जहाजावर गेलेल्या डार्विनचा खर्च वडिलांनी उचलला होता, इथे तशी सोय नव्हती. रेल्वेच्या मोजणीत वॉलेसला दिवसाला दोन गिनी मिळाल्या होत्या, त्यातून थोडी शिल्लक होती. ब्रिटिश म्युझियममधल्या एडवर्ड डबलडे यांनी धीर दिला की, उत्तर ब्राझीलमधले कीटक विकून खर्च सुटेल. सॅम्युएल स्टीव्हन्स या दलालाने विक्रीचं काम पत्करलं. खुद्द एडवर्ड्स लंडनमध्ये भेटले आणि त्यांनी पारा बंदरातल्या ओळखीच्या लोकांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या. निघण्यापूर्वी दोघं लेस्टरला बेट्सच्या घरी पक्षी मारण्याचा आणि त्यांची कातडी सोलण्याचा सराव करत होते.

26 एप्रिल 1848 रोजी ‘मिस्चिफ’ हे 192 टनी व्यापारी जहाज दोघांना घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि महिन्याभरात ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं.

पुढे 1850 मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पत्रं मात्र चालूच राहिली. 1855 मध्ये, आता मलय द्वीपसमूहात असलेल्या वॉलेसने सारावाकहून नव्या जाती कशा उगवतात यावर निबंध लिहिला. तो वाचून नोव्हेंबर 1856 मध्ये ॲमेझॉनकाठच्या बेट्सने मित्राला तोंडभरून दाद दिली. मात्र हीच कल्पना आपल्यालाही सुचली होती आणि ते तुला ठाऊकच आहे, हेही त्याने त्याच पत्रात नोंदवून ठेवलं.