जागा अपुरी नाही, फुकट आहे

बाजारपेठेत नवं व्यापारी संकुल उभं राहतं आणि समोरचा रस्ता तुंबतो. मग पेठेतल्या कट्ट्यापासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत तीच ठरलेली वाक्यं ऐकू येतात. त्यातली काही तपासून पाहू.

‘पार्किंगला जागाच नाही.’

मुंबईत विकासकांना जादा चटईक्षेत्र देऊन त्या बदल्यात सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले गेले. त्यातले कित्येक निम्मेही भरत नव्हते आणि त्यांच्याच दारात रस्त्यावर दुतर्फा गाड्या उभ्या. कारण उघड आहे: आत पैसे, बाहेर फुकट. शेवटी जुलै 2019 मध्ये महापालिकेला अशा वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीला 10 हजार रुपये दंड लावावा लागला. एवढ्यावरूनच दुखणं जागेचं नव्हतं हे कळायला हवं.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 2005 च्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं. रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवा, की साधारण 85 टक्के जागा भरलेल्या असतील आणि एखाद-दुसरी नेहमी मोकळी मिळेल. जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी झाल्या की कोंडीही सैल होते. पुणे महापालिकेने मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं खरं, पण विरोध इतका झाला की ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं आणि तिथेही वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. सार्वजनिक रस्त्याचा तुकडा दिवसभर फुकट अडवणं हा आपण हक्क मानतो. खरी गाठ तिथे आहे.

‘गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक तुटेल.’

ही भीती खरी आहे, अंदाज मात्र चुकीचा. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 मध्ये एका बाजाररस्त्यावर पाहणी झाली. आपली 41 टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात, असं दुकानदारांना वाटत होतं. प्रत्यक्षात ती 22 टक्के निघाली. आपल्याकडे पुण्यातली तुळशीबाग पाहा. त्या बोळांत मोटार शिरतच नाही, तरी सणासुदीला पाय ठेवायला जागा नसते. उलट दुकानासमोरची जागा सकाळी दहापासून अडवलेली असते ती बऱ्याचदा खुद्द मालकाच्या नाहीतर नोकरांच्या गाडीने. एवढ्या जागेत दिवसभरात किती गिऱ्हाइकं येऊन गेली असती, हा हिशेब व्यापारी संघटनांनी एकदा मांडावाच.

‘नकाशात वाहनतळ दाखवला आहे, मग काळजी कसली?’

नकाशातल्या वाहनतळाचं पुढे काय होतं, ते कोणत्याही शहरात दिसतं: तळघरात गोदाम, जिम, क्लास, हॉटेलचं स्वयंपाकघर. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये जुलै 2024 मध्ये तळघरात पाणी भरून स्पर्धा परीक्षेचे तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघरात शिकवणी संस्थेची अभ्यासिका चालत होती. परवानगी मात्र पार्किंग आणि साठवणुकीची होती. शिवाय मोटारीच्या एका खणाला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. उतार आणि वळणाची वाट धरली तर तळघरात ती 30 च्या आसपास जाते. हा खर्च दुकानाच्या भाड्यात, पर्यायाने मालाच्या किमतीत चढतो आणि बसने येणारं गिऱ्हाईकही तो भरतं.

‘मॉलने पार्किंगचे पैसे घेणं बेकायदाच.’

सरसकट तसं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मॉलच्या विरोधात निकाल दिला, तर केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये मालकाचा अधिकार मान्य केला.

तुमच्या रस्त्यावर नवं संकुल उभं राहिलं असेल, तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाचं शुल्क 10 रुपये. प्रत हातात आली की तळघरात उतरा आणि खण मोजा.